लहान मुलांची फिटची औषधं आणि हृदय-रक्तवाहिन्या: कोलेस्टेरॉल, ईसीजी, बीपी यांत नेमकं काय बघायचं?

सकाळची ओपीडी

ओपीडीत बसणारा डॉक्टर आहे, एका रुग्णाबद्दल तज्ज्ञांना विचारतोय. मुलगी ९ वर्षांची, वजन २७ किलो. सहाव्या वर्षापासून कार्बामाझेपीन हे फिटचं औषध चालू आहे, सध्या २०० मिग्रॅ सकाळ-संध्याकाळ, हळूहळू सुटणारी गोळी. शेवटची फिट येऊन दोन वर्षं उलटली. दुसऱ्याच कारणासाठी रक्त तपासलं, त्यात एकूण कोलेस्टेरॉल २१४, एचडीएल ('चांगलं' कोलेस्टेरॉल) ६२, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) ९०, एलडीएल ('वाईट' कोलेस्टेरॉल) १३४ आलं (सगळं मिग्रॅ/डेसिलिटर). मुलगी सडपातळ आहे, बीपी ठीक आहे.

हे औषधामुळे असेल का? असेल तर पुढे रक्तवाहिन्यांना धोका किती? औषध बदलायचं म्हटलं तर लॅमोट्रिजिन या दुसऱ्या फिटच्या औषधाबद्दल हृदयाचा इशारा वाचनात आला, म्हणून तिथेही हात आखडतो. अशा मुलांचा ईसीजी सरसकट काढावा का? आणि सगळ्यात घाईचं म्हणजे आई विचारतेय, "आजपासून संध्याकाळची गोळी बंद केली तर चालेल का?"

---

ईईजीची रेघ (बालमेंदूविकार)

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: नाही. एक वेळची गोळीही स्वतःहून गाळायची नाही. कार्बामाझेपीन एकदम तोडलं तर लागोपाठ फिट येऊ शकतात आणि न थांबणारी फिट ही १३४ च्या एलडीएलपेक्षा कितीतरी पटीने जिवावरची गोष्ट आहे. आईला हे आजच, फोन करून सांगा.

आता रिपोर्ट. मुलांसाठी एकूण कोलेस्टेरॉल १७० च्या आत चांगलं, १७० ते १९९ सीमेवर, २०० पासून पुढे जास्त. एलडीएल ११० च्या आत चांगलं, १३० पासून जास्त. ट्रायग्लिसराइड नऊ वर्षांपर्यंत ७५ च्या आत असावं, १०० पासून जास्त. म्हणजे तिचं ९० सीमेवर आहे. मोठ्यांच्या लॅब-रिपोर्टवर छापलेल्या मर्यादा लावल्या तर ट्रायग्लिसराइड 'नॉर्मल' दिसेल, म्हणून त्या बघू नका.

या रिपोर्टमध्ये मला बोलका आकडा वाटतो तो एचडीएलचा. कार्बामाझेपीन, फेनिटॉइन, फिनोबार्बिटल ही तिन्ही औषधं यकृतातल्या सायटोक्रोम पी-४५० गटाच्या एन्झाइमना जोर चढवतात. कोलेस्टेरॉल तयार होण्याच्या साखळीत याच गटातलं एक एन्झाइम बसलेलं आहे. त्यामुळे या औषधांवर एकूण कोलेस्टेरॉल आणि एलडीएल वाढतं, आणि बरेचदा एचडीएलही सोबत चढतं. लठ्ठपणातून आलेल्या बिघाडात चित्र वेगळं असतं: तिथे ट्रायग्लिसराइड वर जातं आणि एचडीएल खाली येतं. सडपातळ मूल, एचडीएल ६२ आणि एलडीएल १३४ हे औषधाकडे बोट दाखवणारं चित्र आहे. मात्र एचडीएल चांगलं म्हणून समाधान मानू नका. एकूणमधून एचडीएल वजा करा: २१४ − ६२ = १५२. हा आकडा १२० च्या आत हवा आणि १४५ पासून तो जास्त धरतात.

तरीही एका रिपोर्टवर शिक्का मारू नये. दोन आठवडे ते तीन महिन्यांच्या अंतराने उपाशीपोटी पुन्हा करा आणि दोन्हींची सरासरी घ्या. त्याच सुईत टीएसएच (थायरॉइडची तपासणी) बघा, कारण कार्बामाझेपीन थायरॉइडचे आकडे खाली आणतं आणि थायरॉइड खरंच मंद असेल तर तेवढ्यानेही कोलेस्टेरॉल चढतं. लघवीत प्रथिनं जातात का तेही पाहून घ्या. आणि दोन्ही पालकांचं कोलेस्टेरॉल तपासा. हे बहुतेक ठिकाणी राहून जातं. मुलीचं एलडीएल १६० च्या पुढे आणि घरात लहान वयात हृदयविकार, किंवा एलडीएल थेट १९० च्या पुढे असेल तर आनुवंशिक आजार शोधायला हवा, औषधावर खापर फोडून मोकळं होता येणार नाही. औषध सुरू होण्याआधीचा रिपोर्ट कुठल्या फाइलीत सापडला तर अर्धं काम झालं.

रक्तवाहिन्यांचं म्हणाल तर, जुन्या औषधांवर वर्षानुवर्षं असलेल्या रुग्णांत मानेतल्या कॅरोटिड धमनीची भिंत थोडी जाड आढळल्याचे अभ्यास आहेत, मुलांमध्येही आहेत. होमोसिस्टीन (फॉलेट किंवा बी-१२ कमी पडलं की रक्तात वाढणारं द्रव्य) वाढणं, सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारा रक्तातला आकडा) वाढणं हेही नोंदलंय. पण मुलांतले अभ्यास छोट्या गटांवरचे आहेत, आणि भिंतीतला तो फरक मिलिमीटरच्या छोट्याशा अंशात मोजला जातो. त्यावरून एकेका मुलाबद्दल निर्णय घेता येत नाही. म्हणून कॅरोटिडची सोनोग्राफी नेहमीची तपासणी म्हणून लिहू नका. आई-वडिलांना असं सांगा की हा परिणाम हळू साचणारा आहे, मोजता येतो, आणि औषध बदलल्यावर कोलेस्टेरॉल काही आठवड्यांत खाली येऊ लागतं. घाईने काही करायची वेळ नाही. पण दहा वर्षं त्याकडे दुर्लक्ष करावं असंही नाही.

मला इथे वेगळाच प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. दोन वर्षं फिट नाही, म्हणजे "कुठलं औषध?" याआधी "औषध अजून हवंच आहे का?" हे विचारायची वेळ आलीय. अपस्माराचा प्रकार कोणता, एमआरआय स्वच्छ आहे का, आताचा ईईजी (मेंदूतल्या विजेचा आलेख) काय म्हणतो, हे बघून ठरतं. झोपेत तोंडाच्या एका बाजूला झटके येणारा, ईईजीत मध्य-कानशिलाच्या भागात टोकं दिसणारा प्रकार असेल, तर तो किशोरवयात बहुतेक मुलांत आपोआप मावळतो. सर्व प्रकार एकत्र धरले तर औषध काढल्यावर ढोबळमानाने तीनात एका मुलाला पुन्हा फिट येते, तेव्हा हा निर्णय पालकांसोबत बसूनच घ्यायचा. अजून औषध लागणार असेल तर मग बदलाचं बोलू.

---

मात्रा आणि मिलिलिटर (क्लिनिकल फार्मसी)

बदल करायचाच ठरला तर चूक सहसा वेगात होते, म्हणून आकडे देतो.

लेव्हेटिरासेटाम हे फिटचं औषध एन्झाइमना डिवचत नाही आणि कोलेस्टेरॉलला हात लावत नाही. २७ किलोला २५० मिग्रॅ दोन वेळा (साधारण १८ मिग्रॅ/किलो/दिवस) अशी सुरुवात, मग दोन-दोन आठवड्यांनी वाढ. यात हृदयाची काळजी नाही, स्वभावाची आहे: चिडचिड, रडारड, आक्रमकपणा. तो पहिल्या काही आठवड्यांतच दिसतो, त्यामुळे शाळेलाही कल्पना द्यावी.

लॅमोट्रिजिन कार्बामाझेपीनच्या जोडीला सुरू करताना २ ते १२ वर्षांच्या मुलांत पहिले दोन आठवडे ०.६ मिग्रॅ/किलो/दिवस, पुढचे दोन आठवडे १.२ मिग्रॅ/किलो/दिवस, दोन भागांत. २७ किलोला हिशोब १६.२ मिग्रॅ येतो, तर द्यायचे १५, पुढे ३२.४ येतो, तर द्यायचे ३०. मात्रा नेहमी खालच्या आकड्याकडे वळवायची. मूल व्हॅल्प्रोएट या फिटच्या औषधावर असेल तर हाच हिशोब ०.१५ आणि ०.३ वर येतो, कारण व्हॅल्प्रोएट लॅमोट्रिजिनला शरीरातून बाहेर पडू देत नाही. दोन तक्त्यांची अदलाबदल झाली की चौपट मात्रा जाते आणि अंगावर घातक पुरळ उठण्याचा धोका वाढतो.

दुसरा सापळा शेवटी असतो. कार्बामाझेपीन काढून टाकल्यावर यकृताचा चढलेला जोर दोन-तीन आठवड्यांत उतरतो आणि तेच लॅमोट्रिजिन आता रक्तात जवळजवळ दुप्पट होतं. मूल डोलायला लागतं, दोन-दोन दिसायला लागतं. "नवीन औषध सोसत नाही" असं म्हणून ते बंद केलं जातं, खरंतर मात्रा कमी करायची असते. सोबत थायरॉक्सिन किंवा इतर काही चालू असेल तर त्याचाही हिशोब या काळात बदलतो.

आणि कार्बामाझेपीन तसंच ठेवून वर स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) लिहायचा मोह टाळावा. ज्या एन्झाइमना हे औषध जोर देतं, तीच सिम्व्हास्टॅटिन, अॅटोर्व्हास्टॅटिन मोडतात. गोळी पोटात जाते, रक्तात फारशी उरत नाही. शिवाय मुलांत स्टॅटिनचा विचार सर्वसाधारणपणे १० वर्षांनंतर, सहा महिने आहार सांभाळूनही एलडीएल १९० च्या पुढे (जोखीम असेल तर १६० च्या पुढे) राहिल्यावर होतो. ही मुलगी त्या पंगतीत बसतच नाही.

---

पी-क्यू-आर (बालहृदयविकार)

कोलेस्टेरॉलबद्दल वर नीट आलंय. मी हृदयाच्या ठोक्यांबद्दल लिहितो, कारण तिथला धोका साचत नाही, अचानक उभा राहतो, आणि बहुतेक वेळा आधी ओळखता येतो.

फिटची बरीच औषधं मेंदूतल्या सोडियम वाहिन्या (पेशीत सोडियम आत सोडणारी दारं) दाबून काम करतात. हृदयातही सोडियम वाहिन्या आहेत. निरोगी हृदय ते सहज सोसतं. वहनातच, म्हणजे ठोक्याची वीज हृदयात पसरण्यातच, दोष असेल तर औषधाने तो उघडा पडतो. लॅमोट्रिजिनवरचा अमेरिकी औषध प्रशासनाचा २०२१ चा इशारा याच गोष्टीचा आहे: रचनेचा दोष, वहनाचा दोष किंवा ठोक्यांचा आजार असलेल्यांत जपून. हृदय निरोगी असलेल्या ९ वर्षांच्या मुलीला त्यावरून लॅमोट्रिजिन नाकारू नका.

औषधागणिक बघायचं ते असं. कार्बामाझेपीन आणि लॅकोसामाइड या फिटच्या औषधांमध्ये पीआर (हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत वीज पोचायला लागणारा वेळ). लॅकोसामाइड तो मात्रेनुसार लांबवतं, आणि दुसरं सोडियम वाहिनीचं औषध सोबत असेल तर परिणाम भर घालतो. ए-व्ही ब्लॉक (त्याच वाटेत अडथळा) असलेल्या मुलाला कार्बामाझेपीन देऊच नये. रुफिनामाइड हे फिटचं औषध उलट क्यूटी (खालच्या कप्प्यांत वीज उठून शमेपर्यंतचा वेळ) आखूड करतं, म्हणून घराण्यात आखूड क्यूटीचा आजार असेल तर ते बाद.

ईसीजीबाबत माझं मत ठाम आहे: पहिली फिट आलेल्या प्रत्येक मुलाचा १२ लीडचा ईसीजी एकदा तरी निघायलाच हवा. औषधासाठी नव्हे, निदानासाठी. लांब क्यूटीच्या आजारात हृदय काही क्षण भरकटतं, मेंदूला रक्त कमी पडतं, मूल पडतं आणि झटकेही देतं. ते फिटसारखंच दिसतं, आणि मूल वर्षानुवर्षं फिटची औषधं घेत राहतं. पळताना, पोहताना, दचकल्यावर किंवा गजराच्या आवाजाने पडणं, घरात चाळिशीच्या आत अचानक मृत्यू, जन्मजात बहिरेपण यांपैकी काहीही असेल तर ईसीजी त्याच दिवशी काढा.

क्यूटीसी (ठोक्यांच्या वेगाप्रमाणे दुरुस्त केलेला क्यूटी) यंत्राच्या छापील आकड्यावर सोडू नका. लीड दोन किंवा व्ही-५ मध्ये क्यूटी स्वतः मोजा. ईसीजीवरच्या टी लाटेच्या उतरत्या बाजूला स्पर्शरेषा काढून ती मूळ रेषेला जिथे भेटते तो टीचा शेवट. मग त्याआधीच्या आर-आर अंतराचं (लागोपाठच्या दोन ठोक्यांमधल्या सेकंदांचं) वर्गमूळ काढून त्याने क्यूटीला भागा. उदाहरणार्थ क्यूटी ०.३६ सेकंद, ठोके १००, म्हणजे आर-आर ०.६०, वर्गमूळ ०.७७५, उत्तर ०.४६५. हे सीमेवरचं आहे, पण ठोके जलद असताना हे सूत्र आकडा फुगवतं. रडतं मूल शांत करून, ठोके ८० च्या आसपास आल्यावर पुन्हा काढा. तरी ०.४६ च्या वर राहिला तर आमच्याकडे पाठवा, ०.४८ च्या पुढे असेल तर थांबू नका.

या मुलीचा आधी कधी ईसीजी निघाला नसेल तर एक काढून फाइलला लावा. ठीक असला तर दर सहा महिन्यांनी काढत बसायची गरज नाही. लॅकोसामाइडसारखं औषध जोडलं किंवा मूल चक्कर येऊन पडलं तरच पुन्हा.

---

सकाळची ओपीडी

मनापासून आभार. आईशी बोललो, गोळी चालू आहे. ईसीजी आणि पालकांचं कोलेस्टेरॉल सांगितलं.

अजून दोन शंका. होमोसिस्टीन तपासून फॉलिक अॅसिड द्यावं का? आणि आमच्या छोट्या रुग्णालयात फिट थांबत नसेल तर आजही फेनिटॉइनच शिरेतून देतात. ठोके मंदावतात, बीपी पडतं, आणि स्टाफ म्हणतो "औषधच तसं आहे". खरंच तसं आहे का?

---

मात्रा आणि मिलिलिटर

औषध थोडं तसं आहे, पण बहुतेकदा वेग आणि पातळ करण्याची पद्धत चुकलेली असते. फेनिटॉइन पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते प्रॉपिलीन ग्लायकॉलमध्ये, जवळपास १२ सामू असलेल्या कडक अल्कलीत भरलेलं असतं. भरभर दिलं तर फेनिटॉइन आणि तो द्रावक दोघं मिळून बीपी पाडतात, ठोके बिघडवतात.

याच २७ किलोच्या मुलीचं उदाहरण धरा. मात्रा २० मिग्रॅ/किलो = ५४० मिग्रॅ. ५० मिग्रॅ/मिली ताकदीचं असेल तर १०.८ मिली. ते नॉर्मल सलाइनमध्ये एकूण १०० मिली करा, म्हणजे ५.४ मिग्रॅ/मिली. डेक्स्ट्रोजमध्ये कधीच नाही, नळीतच स्फटिक बनतात. आधी डेक्स्ट्रोज गेलेली नळी असेल तर सलाइनने धुवून घ्या. नळीला ०.२२ मायक्रॉनची गाळणी लावा. वेग १ मिग्रॅ/किलो/मिनिट, म्हणजे मिनिटाला २७ मिग्रॅ, म्हणजे मिनिटाला ५ मिली, एकूण २० मिनिटं. ताशी ३०० मिली हा आकडा पंपावर टाका आणि शेजारच्या कागदावर लिहून ठेवा. मूल कितीही जड असलं तरी मिनिटाला ५० मिग्रॅची वेस ओलांडायची नाही.

मॉनिटर लावल्याशिवाय सुरू करू नका. बीपी दर पाच मिनिटांनी. बीपी घसरलं किंवा ठोके मंदावले की आधी पंप थांबवा. सावरल्यावर निम्म्या वेगाने. हाताच्या मागच्या बारीक शिरेत शक्यतो नको: औषध बाहेर झिरपलं तर हात जांभळा पडून सुजतो, त्वचा मरते.

फॉसफेनिटॉइनला हा द्रावक लागत नाही, २ मिग्रॅ/किलो/मिनिट वेगाने देता येतं, पण ठोक्यांचा धोका त्यातही आहे. शिवाय त्याची मात्रा 'फेनिटॉइन-समतुल्य' मिलिग्रॅममध्ये लिहितात. कुपीवरचा दुसरा आकडा वाचून दिलं की गडबड होते. लेव्हेटिरासेटाम शिरेतून देण्याची सोय असेल तर ४० ते ६० मिग्रॅ/किलो. ते बीपी आणि ठोक्यांना क्वचितच त्रास देतं. २०१९ मध्ये आलेल्या मोठ्या चाचण्यांमध्ये फिट थांबवण्यात ते फेनिटॉइन-फॉसफेनिटॉइनच्या जवळपास बरोबरीचं ठरलं. हृदयाचा आजार असलेल्या मुलात तर पहिला हात तिकडेच जावा.

---

ईईजीची रेघ

होमोसिस्टीन सगळ्यांचं नको. कार्बामाझेपीन, फेनिटॉइन, फिनोबार्बिटल, व्हॅल्प्रोएट यांपैकी काही दोन-तीन वर्षांहून जास्त चालू असेल, किंवा आहारात प्राणिज पदार्थ नसतील, तर फॉलेट आणि बी-१२ बघा. बी-१२ कमी असताना नुसतं फॉलिक अॅसिड देऊ नका. रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसांची हानी आतून चालू राहते. फेनिटॉइनवर असलेल्या मुलाला फॉलिक अॅसिड जास्त मात्रेत दिलं तर फेनिटॉइनची रक्तातली पातळी खाली येऊन फिट येऊ शकते, तेव्हा कमी मात्रा आणि मग पातळीची तपासणी.

व्हॅल्प्रोएटची वाट निराळी आहे. ते एलडीएल फारसं वाढवत नाही. भूक आणि वजन वाढवतं, इन्सुलिनचा परिणाम बोथट करतं, यकृतात चरबी साठवतं. तिथे लिपिडपेक्षा वजनकाटा आणि कमरेची टेप आधी सांगतात. सुरू करताना वजन, उंची, कंबर लिहून ठेवा आणि पहिल्या तीन महिन्यांत परत मोजा, कारण वाढ बहुधा तेव्हाच सुरू होते. मुलींमध्ये पाळी सुरू होण्याच्या वयाआधीच दुसऱ्या औषधाचा विचार व्हावा; त्याची कारणं हृदयापलीकडचीही आहेत.

---

पी-क्यू-आर

लहान बाळांचं राहिलं. इन्फंटाइल स्पाझमसाठी (बाळांना झटक्यांच्या मालिका येणारा अपस्मार) एसीटीएच (संप्रेरकाचं इंजेक्शन) किंवा मोठ्या मात्रेत प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) चालू असेल तर बीपी आठवड्यातून दोनदा तरी मोजा. बाळ शांत हवं, दूध पिताना किंवा रडताना घेतलेला आकडा फेकून द्या. पट्ट्यातल्या फुग्याची रुंदी दंडाच्या घेराच्या ४० टक्के हवी. अरुंद पट्टा बीपी खोटंच वाढवून दाखवतो. सहा महिन्यांच्या बाळात वरचा आकडा वारंवार १०५ च्या पुढे गेला तर ते वाढलेलं धरा. या औषधांनी हृदयाचा स्नायू जाडही होतो. औषध संपल्यावर तो पूर्ववत होतो, पण धाप, दूध ओढताना घाम, जलद श्वास दिसला तर इको (हृदयाची सोनोग्राफी) करा. ट्युबरस स्क्लेरोसिस (अवयवांत गाठी होणारा आनुवंशिक आजार) असेल तर इको आधीच हवा, कारण हृदयात रॅब्डोमायोमाच्या गाठी असू शकतात आणि एसीटीएचने त्या वाढल्याची उदाहरणं आहेत. अशा बाळांत व्हिगाबॅट्रिन हे औषध पहिलं.

ड्राव्हे सिंड्रोम या लहानपणीच्या कठीण अपस्मारासाठीचं फेनफ्लुरामिन म्हणजे १९९७ मध्ये झडपांच्या आजारामुळे बाजारातून काढलेलं वजनाचं औषधच. २०२० मध्ये ते या मुलांसाठी परतलं, मात्रा बरीच कमी: जास्तीत जास्त ०.७ मिग्रॅ/किलो/दिवस आणि वरची मर्यादा २६ मिग्रॅ. स्टिरिपेंटॉल आणि क्लोबाझाम ही फिटची औषधं सोबत असतील तर ०.४ आणि १७ मिग्रॅ. इको सुरू करण्याआधी, दर सहा महिन्यांनी, आणि बंद केल्यावर तीन ते सहा महिन्यांत एकदा. हा शेवटचा इको बहुतेक ठिकाणी विसरला जातो, म्हणून औषध बंद करतानाच त्याची तारीख ठरवून लिहून द्या.

---

आहार-गणित (बालआहारतज्ज्ञ)

औषधं हरल्यावर कीटोजेनिक आहार येतो, तिथेही हृदयाचा हिशोब आहे. ४:१ प्रमाणात, म्हणजे चार ग्रॅम चरबीला प्रथिनं आणि कर्बोदकं मिळून एक ग्रॅम, असा आहार सुरू केला की पहिल्या काही महिन्यांत एलडीएल आणि ट्रायग्लिसराइड चढतात. बऱ्याच मुलांत ते वर्षभरात बरंचसं उतरतं. उपाशीपोटी लिपिड सुरुवातीला, मग ३, ६ आणि १२ महिन्यांनी. वाढलं तर आहार तोडायचा नाही. साय-लोण्यासारखी घट्ट चरबी कमी करून असंपृक्त तेलं वाढवायची, कार्निटीन (चरबी जाळायला लागणारं द्रव्य) तपासायचं, फिट आटोक्यात असेल तर प्रमाण ३:१ वर आणायचं.

लिपिडपेक्षा मी सेलेनियमला जास्त घाबरते. या आहारातून ते कमी पडतं, आणि कमी पडलं की हृदयाचा स्नायू ढिला होतो, क्यूटी लांबतो. वाढीच्या वयातलं मूल थकतंय, धाप लागतेय, याला "आहाराची सवय होतेय" म्हणून सोडू नका. सेलेनियमची पातळी सुरुवातीला आणि मग लिपिडसोबतच बघा, पूरक पावडरीत ते किती मायक्रोग्रॅम आहे ते डब्यावर वाचा. स्वस्त मल्टिव्हिटॅमिन सिरपमध्ये बहुधा सेलेनियम नसतं आणि साखर मात्र भरपूर असते. तीच साखर कीटोसिस (शरीर चरबी जाळून चालण्याची अवस्था) मोडते, म्हणून फिटचं औषधही सिरपऐवजी गोळीत मिळेल का हे फार्मासिस्टला आहार सुरू होण्याआधी विचारून घ्या.